जखमी तलंगेला बाकीच्या कोंबड्या टोचून काढतायत, मदत हवी आहे

रत्नागिरी जिल्हा, घरामागचं खुराडं. ७ सुधारित जातीच्या तलंगा, २ गावठी कोंबड्या, १ कोंबडा. तलंगा साधारण ६ महिन्यांच्या, अंडी नुकतीच सुरू झालीत. त्यातल्या एकीच्या शेपटीच्या बुडाशी रुपयाच्या नाण्याएवढी जखम आहे. पिसं गेलीत, कातडी गेलीय, आतलं लाल दिसतंय. चालते, खाते, पण बाकीच्या जवळ आल्या की कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहते. काल हळद आणि खोबरेल लावून परत सोडली, तासाभरात पुन्हा रक्त. आता डालग्याखाली झाकून पडवीत ठेवलीय. जखमेला काय लावू, किती दिवस वेगळी ठेवू, आणि परत कशी सोडू?

प्रतिसाद १

वेगळी केलीत हे बरोबर. कोंबडीला लाल रंग दिसला की ती टोचतेच, त्यात वैर असायची गरज नसते. एकीने सुरू केलं की बाकीच्या शिकतात आणि मग जिवंत कोंबडी एका दिवसात पोखरली जाते. म्हणून जखम उघडी आहे तोवर "जरा वेळ सोडून बघतो" करू नका.

आधी जखम शेपटीच्या वर आहे की खाली, ते पाहा. खाली, विष्ठेच्या जागेशी असेल तर अंडं घालताना आतला लाल भाग क्षणभर बाहेर आलेला बाकीच्यांनी टोचला असण्याची शक्यता जास्त. तो भाग आत जात नसेल किंवा फाटला असेल तर घरी खटपट न करता थेट पशुवैद्यकीय दवाखाना. वर असेल तर पिसं उपटणं किंवा कोंबड्याच्या नखांचं काम. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला हरभऱ्याएवढा उंचवटा लागेल, ती तेलाची ग्रंथी. गळू समजून पिळू नका.

धुवायला अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा पाऊण चमचा सपाट मीठ. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने धार मारा, कापसाने घासू नका, कापसाचे धागे चिकटतात. मग पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात पातळ करून लावा. बाटलीतलं तसंच ओतलंत तर नवी येणारी कातडी जळते. जखमेच्या कडेची पिसं अर्धा इंच मागे कातरा, उपटू नका.

प्रतिसाद २

हळदीवर राग नाही, पण खोबरेल नको. तेलाने पिसं चिकटतात, घाण धरते, आणि पावसाळ्यात माशीला आमंत्रण. या दिवसांतला खरा शत्रू माशीच. तिची अंडी बारीक पांढऱ्या कण्यांच्या पुंजक्यासारखी पिसांच्या मुळाशी दिसतात आणि एका दिवसात अळ्या होतात. सकाळ-संध्याकाळ पिसं फुंकून बघा, वास घ्या. अळ्या दिसल्या तर चिमट्याने काढा, मिठाच्या पाण्याने धुवा. गुराच्या जखमेत टरपेंटाइन घालतात तसं कोंबडीला अजिबात नको. वेदना कमी करणारी माणसांची मलमं, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी "केन" असतं ती, पक्ष्यांना चालत नाहीत. जांभळ्या औषधाने (जेन्शियन व्हायोलेट) लाल रंग झाकला जातो हे खरं, पण अंड्यांच्या कोंबडीवर ते टाळलेलं बरं.

प्रतिसाद ३

डालगं पडवीत ठेवलंय ते चुकीच्या जागी आहे. आठ-पंधरा दिवस नजरेआड राहिली की कळप तिला परकी समजतो आणि परत सोडल्यावर पहिल्यापासून मारामारी. तिला खुराड्यातच ठेवा, पण जाळीआड. दिसली पाहिजे, चोच लागता कामा नये.

जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, तारा जोडलेली वेल्डमेश घ्या. षटकोनी कोंबडी-जाळीच्या मोठ्या भोकातून तीच मान बाहेर काढते आणि तुरा फाडून घेते. ३ फूट बाय २ फूट, उंची दीड फूट पुरे. एका बाजूला पुठ्ठा किंवा गोणपाट लावून आडोसा करा, नाहीतर ती दिवसभर ताणात राहील आणि खाणार नाही. तळाला कोरडं तूस नाहीतर वर्तमानपत्र, रोज बदलायचं. पाण्याचं भांडं जाळीला तारेने बांधा. रात्री मानेच्या बुडाशी, छातीवरच्या अन्नपिशवीला हात लावा, भरलेली असली की खाणं नीट चाललंय.

धागाकर्ता

जखम शेपटीच्या वर आहे, खाली काही नाही. धुतली, आयोडीन लावलं. विष्ठा नेहमीसारखी, मान वाकडी नाही, सुस्त नाही. खुराडं ४ फूट बाय ३ फूट. पावसामुळे पंधरवडाभर बाहेर सोडलेलं नाही. खायला तांदळाची कणी, कोंडा आणि घरचं उरलंसुरलं. रागीट कोण तेही कळलं, एक गावठी म्होरकी, तिच्या चोचीला रक्त होतं.

प्रतिसाद १

मग उत्तर तुम्हीच दिलंत. १२ चौरस फुटांत १० पक्षी म्हणजे पक्ष्यामागे सव्वा चौरस फूटही नाही. रात्री झोपायला ते चालतं, दिवसभर कोंडायला नाही. कोंडून ठेवायचं तर किमान २ चौरस फूट, आणि तेही कमीच. कोकणातल्या पावसात हे दरवर्षी होणारच, तेव्हा खुराड्याला लागून १० बाय ८ फुटांचा मांडव घाला. वर ताडपत्री, पावसाच्या बाजूला झापं, खाली वाळू आणि तूस. एका कोपऱ्यात घमेलंभर चुलीची राख कोरड्या मातीत मिसळून ठेवा. त्या त्यात लोळतात, उवा कमी होतात, आणि चोचीला दुसरा उद्योग मिळतो. शेवग्याच्या पाल्याची जुडी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा.

दुसरं, खाद्य. कणीत प्रथिनं जेमतेम ८ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ लागतात. पिसं म्हणजे निव्वळ प्रथिनं, कमी पडली की त्या एकमेकींची पिसं खातात. पिसं उपटली की रक्त, रक्त दिसलं की हे असं. पक्ष्यामागे दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य) द्या, कणी फक्त संध्याकाळी मूठभर. सुकट द्यायची तर भिजवून दोन पाण्यांतून धुवा. मीठ कमी पडलं तरी टोचाटोची होते, पण जास्त झालं तर कोंबडी मरते. तयार खाद्यात मीठ असतंच.

प्रतिसाद ३

म्होरकीला हलवा, आणि पूर्ण नजरेआड. ३–४ दिवस शेजाऱ्यांकडे ठेवलीत तर परत येताना तिची जागा खाली सरकलेली असते. नेमकं उलटं करायचंय लक्षात घ्या, जखमी डोळ्यांसमोर, दांडगी डोळ्यांआड.

जखमी तलंग खपली पडून खालची कातडी कोरडी, गुलाबीसर झाल्यावरच सोडा. एवढ्या जखमेला साधारण २–३ आठवडे. मुळासकट उपटलेली पिसं सहाएक आठवड्यांत भरतात. मधूनच तुटून खुंट राहिलेली पुढच्या पिसगळीपर्यंत तशीच. नवे कोंब येताना त्यांत रक्त असतं, निळसर दिसतात, आणि बाकीच्यांना तेच टोचायला आवडतात. त्या काळात पाठीवर जीनच्या कापडाची झूल घाला, पंखांखालून इलॅस्टिकचे दोन पट्टे, पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. ओल्या जखमेवर झूल नको. पावसात भिजली की बदला.

सोडताना एकटी सोडू नका. सगळ्यांत शांत तलंग २ दिवस तिच्याबरोबर जाळीत ठेवा, मग दोघी एकत्र. खाद्य ३ ठिकाणी, पाणी २ ठिकाणी. आडोशाला भिंतीला पत्रा तिरका टेकवा, पण दोन्ही तोंडं उघडी, एका तोंडाच्या आडोशात ती कोंडली जाते. पहिला अर्धा तास उभं राहून बघा. तुऱ्यावर एक-दोन चोचा आणि बाजूला होणं चालेल, क्रम ठरतोय. पाठलाग करून पाठीवर चढून टोचणं सुरू झालं किंवा रक्त आलं, की लगेच परत जाळीत.

धागाकर्ता

म्होरकी आज हलवली. मांडवाचे बांबू उद्या. एक राहिलं, चोच कापायची का? गावात सगळे तेच सांगतायत.

प्रतिसाद २

घरगुती खुराड्यात नको. चोचीच्या टोकामागे शिरा आणि नसा असतात, कापताना रक्त आलं तर तीही टोचली जाणार, आणि कणी टिपता येत नाही म्हणून खाणं घटतं. फारच झालं तर म्होरकीच्या वरच्या चोचीचा टोकाचा पारदर्शक भाग नखं घासायच्या कानशीने २ मिलिमीटर बोथट करा, महिन्याभरात वाढतो. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या आणि तिची अंडी ओळखू यावीत म्हणून जाळीतच घालू द्या.