मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० चा गंजलेला पत्रा

मंडळी, बाबांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ठणठणीत, देवगडचे चढ अजून कुरकुर न करता चढतं. दुखणं पत्र्याचं. खाऱ्या वाऱ्याने ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर असा खाल्लाय, की मॅट उचललं तर रस्ता दिसतो. दाराखालची पट्टी बोटाने दाबली की भुगा. गॅरेजवाला म्हणतो, भंगारात घाला. (बाबांपुढे हा शब्द काढायची सोय नाही!)

रत्नागिरी ते सावंतवाडी पट्ट्यात सडका पत्रा कापून नवा नीट वेल्डिंग करणारा कोणी माहीत आहे का, की कोल्हापूरलाच न्यावी? आरसीचं नूतनीकरण तोंडावर आहे. तपासणीत गंज पाहून गाडी अडवतात का? आणि अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला गंज रोखणारा लेप) पावसाआधी करावं की नंतर?