एचएमआरसीचं पत्र आणि कोथरूडचा फ्लॅट

मीनल (हॅरो): मंडळी, जागे आहात का? ब्लाउजचं नाही, कामाचं विचारायचंय. एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पत्र आलंय. ६ एप्रिल २०२६ पासून मला 'मेकिंग टॅक्स डिजिटल' (एमटीडी) लागू. हिशेब सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचा आणि दर तीन महिन्यांनी पाठवायचा. कुठलं ॲप घेऊ? बिल देखणं निघालं पाहिजे, वर माझा लोगो. तीन बुटिकवाल्यांचं शिवणकाम करते, त्यांना आता कार्बन लावलेलं बिलबुक चालत नाही.

संदीप (पुणे): फुकटातलं घे एखादं.

अप्पाकाका (नाशिक): आमच्याकडे जीएसटी आला तेव्हा, २०१७ साली, असाच गोंधळ होता. टॅली घे. मी निवृत्त होईपर्यंत टॅलीच वापरलं.

केतकी (लेस्टर): अप्पामामा, इथे एचएमआरसीच्या यादीत असलेलंच सॉफ्टवेअर लागतं. सरकार स्वतःचं काही देत नाही, बाजारातलंच घ्यायचं. पण मीनलताई, आधी मला सांग, तुझी उलाढाल पन्नास हजारांच्या वर कधी गेली?

मीनल: तेच तर! २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ४८,७६० पौंड आहे. खर्च वजा न करता. मर्यादा ५०,००० ची. मला वाटतं पत्र चुकून आलंय.

संदीप: मग फोन करून झाप त्यांना.

केतकी: थांब दादा. ताई, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं रिटर्नमध्ये दाखवतेस ना?

मीनल: हो, परदेशी मिळकतीच्या पानावर. फ्लॅट दादा आणि मी दोघांच्या नावावर आहे, म्हणून अर्धंच.

केतकी: भाडं किती?

संदीप: ३२,०००. दोन वर्षं वाढवलेलं नाही, माणूस चांगला आहे.

केतकी: वर्षाचे ३,८४,०००. ताईचा वाटा १,९२,०००. पौंडाला साधारण १०७ रुपये धरले तर १,७९४ पौंड. ४८,७६० मध्ये मिळव.

मीनल: ५०,५५४ 😳

केतकी: पत्र बरोबर आहे. धंद्याची उलाढाल आणि घरभाडं दोन्ही एकत्र धरतात, आणि इथल्या रहिवाशाचं परदेशातलं भाडंही त्यात येतं. नफा नाही, खर्च काढण्याआधीची रक्कम बघतात. संयुक्त मालकी असेल तर फक्त आपला वाटा.

स्मिता (पुणे): म्हणजे आमच्या फ्लॅटने तिकडे घोळ घातला!

संदीप: मीनल, तुझा अर्धा हिस्सा माझ्या नावावर करून टाक, प्रश्न मिटला.

मीनल: आला मोठा.

केतकी: तसं केलं तरी सुटका नाही. यंदाचा निर्णय २०२४-२५ च्या रिटर्नवर झालाय. शिवाय एप्रिल २०२७ पासून मर्यादा ३०,००० वर येते आणि २०२८ ला २०,००० वर. ताई आज ना उद्या येणारच होती, फ्लॅटने एक वर्ष आधी ओढलं एवढंच.

मीनल: बरं, ॲपचं बोल. मी एक घेऊन बसलेय, ३० दिवस फुकट. मशीनजवळ फोन ठेवून दोन रात्रीत ४१ बिलं भरली. शिलाई वेगळी, अस्तर वेगळं, फॉल-बीडिंग वेगळं, सगळ्या ओळी नीट. लोगोही छान बसला.

केतकी: त्यात उत्पन्नाचा प्रकार निवडायची यादी असेल. त्यात काय काय आहे?

मीनल: सेल्फ-एम्प्लॉयमेंट. यूके प्रॉपर्टी. संपलं.

केतकी: फॉरेन प्रॉपर्टी नाही?

मीनल: नाही 😐 चॅटवर विचारलं तर म्हणे, भाडं 'इतर उत्पन्न'मध्ये टाका. आणि जाहिरातीत भलंमोठं 'एमटीडी रेडी' लिहिलंय!

केतकी: टाकू नकोस. परदेशातल्या मिळकतीचा तिमाही आकडा वेगळा जातो. दर तिमाहीला तुझे दोन अहवाल: एक शिवणकामाचा, एक फ्लॅटचा. गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर सॉफ्टवेअर शोधायची सोय आहे. ते तुला कुठून पैसे मिळतात ते विचारतं आणि यादी गाळून देतं. तिथे फॉरेन प्रॉपर्टी निवडलीस की निम्मी चकचकीत नावं गळतील. आधी ते कर, मग लोगो.

अप्पाकाका: पण बिलाचं काय? आमच्याकडे जीएसटीला प्रत्येक बी-टू-बी, म्हणजे धंदेवाल्याने धंदेवाल्याला दिलेलं, बिल पोर्टलवर चढवावं लागतं.

केतकी: मामा, इथे तोच फरक आहे. एचएमआरसीला एकही बिल जात नाही, फक्त बेरजा जातात. ताईची उलाढाल ९०,००० च्या आत आहे, त्यामुळे खर्चाचे भाराभर प्रकार पाडायचीही सक्ती नाही. एकूण जमा, एकूण खर्च, झालं. बिलं नुसत्या एक्सेलमध्ये केली तरी चालतील. मात्र त्या शीटमधला आकडा हाताने दुसरीकडे टाइप करायचा नाही. मध्ये 'ब्रिजिंग' सॉफ्टवेअर लागतं, ते शीटमधून उचलून पाठवतं.

मीनल: मग मी बिलाच्या ॲपसाठी एवढी का मरतेय?

केतकी: बिल गिऱ्हाइकासाठी छान हवंच. पण त्यात एक मेख आहे. तू रोखीवर हिशेब ठेवतेस ना? २०२४-२५ पासून स्वतंत्र धंदेवाल्यांसाठी तीच मूळ पद्धत आहे. म्हणजे पैसे हातात आले तो दिवस धरायचा, बिल फाडलं तो नाही. तुझी ती दोन-दोन महिने पैसे थकवणारी बुटिकवाली, तिचं २० जूनचं बिल ऑगस्टमध्ये फिटलं तर ते दुसऱ्या तिमाहीत. ॲपच्या सेटिंगमध्ये 'कॅश बेसिस' नसेल तर ते न मिळालेल्या पैशांचीही बेरीज पाठवेल.

मीनल: अगं बाई. आणि ॲडव्हान्स? नवरीच्या ब्लाउजला मी २० पौंड आधी घेते, रोख.

केतकी: आले त्या दिवशी लिही. बँकेतून आपोआप येणाऱ्या नोंदींत रोख दिसत नाही, तेच नेमकं राहून जातं.

स्मिता: मीनल, तारखा तरी कळल्या का? नाहीतर गणपतीच्या शिवणात विसरशील.

केतकी: वहिनी, ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी, ७ मे. पहिला अहवाल ७ ऑगस्टला, गणपतीच्या गर्दीच्या तोंडावर! पहिल्या वर्षी तिमाही अहवाल उशिरा गेला तर दंडाचे गुण लागणार नाहीत. त्यानंतर प्रत्येक उशिराला एक गुण, चार झाले की २०० पौंड. आकडा चुकला तर पुढच्या अहवालात सुधारतो, कारण दर वेळी वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज जाते. कर मात्र दर तिमाहीला भरायचा नाही, तो पूर्वीसारखाच ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला. २०२६-२७ चं शेवटचं रिटर्न ३१ जानेवारी २०२८ पर्यंत, तेही सॉफ्टवेअरमधूनच. म्हणून ॲप घेताना हेही विचार की ते शेवटचं रिटर्न भरतं की तिमाहीवरच थांबतं.

अप्पाकाका: तिमाही ५ जुलैला संपते हे काय खूळ आहे? ३० जून का नाही?

केतकी: मामा, तशी मुभा आहे. 'कॅलेंडर क्वार्टर' निवडलं तर १ एप्रिल ते ३० जून. पहिला अहवाल पाठवण्याआधी निवडायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय हवी. ताईला तेच सोयीचं, दादाचा भाड्याचा हिशेबही महिन्याच्या शेवटी तुटतो.

अप्पाकाका: भाड्यावरून आठवलं. संदीप, मीनल अनिवासी आहे. भाडेकरू तिच्या वाट्यावर टीडीएस कापतो ना?

स्मिता: हे दहा मिनिटं नुसतं टाइप करतायत.

संदीप: उद्या सीएशी बोलतो.

अप्पाकाका: उद्या नाही, आज. आणि कापला असेल त्याचा दाखला मीनलला पाठव. तिच्या हिशेबाला लागेल.

मीनल: ठरलं. बिलं या ॲपच्या फुकटच्या भागातच करते, लोगो आवडलाय मला. हिशेब शीटमध्ये, आणि फॉरेन प्रॉपर्टी घेणारं ब्रिजिंग. केतकी, रविवारी व्हिडिओ कॉल?

केतकी: चालेल. नॅटवेस्ट बँकेचं बिझनेस खातं असतं तर फ्रीएजंट हे हिशेबाचं ॲप फुकट मिळालं असतं. पण तुझी बँक दुसरी आहे आणि नुसत्या ॲपसाठी बँक बदलू नये. नोंदणी मात्र आपोआप होत नाही हं, पत्र आलं तरी आपणच करायची.

मीनल: आणि दादा, तू दर महिन्याला भाडं आलं की इथे टाकायचंस. फोनवर "आलं गं" नको. तारीख, रक्कम, खर्च.

संदीप: टाकतो. या महिन्याचं ५ तारखेला आलं, ३२,०००. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, प्लंबरला १,८५० दिले.

मीनल: माझे ९२५. पावती?

संदीप: कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलंय त्याने.

मीनल: सही आहे?

संदीप: अंगठ्याचा डाग आहे, ग्रीसचा.

केतकी: फोटो काढून टाक दादा.