मदत हवी आहे : फिल्म-टीव्ही प्रोड्यूसिंग शिकायचंय, कोलकात्याला जाऊ की सरळ मुंबईत कामाला लागू?

योगेश्वरी_रोड :

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईची, वय २४, बीकॉम झालंय, सध्या एका पतसंस्थेत काम करते. मला फिल्म आणि टेलिव्हिजन प्रोड्यूसिंगमध्ये पोस्ट ग्रॅज्युएशन करायचंय. डायरेक्शन नाही, ॲक्टिंग तर नाहीच. हे आधीच सांगते कारण जिथं विचारलं तिथं सगळे डायरेक्शनचेच क्लास सांगायलेत.

घरी विषय काढला तर पप्पा म्हणाले, प्रोड्यूसर म्हणजे पैसेवाला माणूस, आपल्याकडं कुठंयत पैसे. ते एसटीत कंडक्टर आहेत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, मलाही मागच्या वर्षापर्यंत तसंच वाटायचं.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही सात जणांनी मिळून २२ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. गोष्ट आमच्याच भागातल्या एका गुरुजींनी लिहिलेली, ते आता नाहीत, जुन्या दिवाळी अंकात छापून आलेली. मित्र डायरेक्टर, आणि मी बीकॉमवाली म्हणून हिशोबाची वही माझ्याकडं आली. तीन दिवसांचं शूट धरलं होतं, १ लाख ४० हजार जमवले होते. कॅमेरा पुण्याहून भाड्यानं, सोबत त्यांचा अटेंडंट, त्याचं राहणं-खाणं वेगळं. स्वयंपाक आईच्या बचत गटानं केला, ३४ माणसं, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा, दुपारी पिठलं-भाकरी, ठेचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा सुरू झाल्या. सगळे ओसरीत उभे राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच, कॅमेऱ्याचं भाडं दिवसावर चालतं, पाऊस असो नसो. आमचा पुढचा सीन पत्र्याच्या घरातला होता, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तसं साऊंडवाल्यानं हेडफोन काढून ठेवला, म्हणला काही घेता येणार नाही. मग मला आठवलं की गल्लीच्या टोकाला एक माळवदाचं घर आहे, मातीच्या धाब्यावर पाऊस वाजत नाही. त्या घरच्या मावशींना विचारलं, त्यांनी उखळ-मुसळ बाजूला सरकवून जागा करून दिली आणि सीन तिथं हलवला, पाऊण तासात लाईट लागले. तरी एक दिवस वाढलाच, २१ हजार वरचे लागले, ते मी भिशीतून उचलले. पण तो माळवदातला सीन फिल्ममधला सगळ्यात चांगला सीन आहे आणि तो माझ्यामुळं आहे असं मी कुणापुढंही म्हणेन.

आता दुसरी बाजू. फिल्म तयार होऊन सात महिने झाले आणि ती हार्डडिस्कमध्ये पडून आहे. गुरुजींच्या मोठ्या मुलाला आम्ही विचारलं होतं, ते म्हणले घ्या की, त्यात काय विचारायचं. तोंडीच. एका फेस्टिवलच्या फॉर्मवर गोष्टीच्या हक्कांचं पत्र मागितलं तेव्हा आम्ही परत गेलो, तर धाकटा मुलगा आणि मुलगी म्हणाले आम्हाला कुणी विचारलं. त्यांचं बरोबरच आहे, चूक माझी आहे. हे कागद करायचं काम डायरेक्टरचं नाही, कॅमेरामनचं नाही, ते माझं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. म्हणून शिकायचंय.

मी शोधलं त्यात पुण्याच्या सरकारी फिल्म संस्थेत, एफटीआयआयला, डायरेक्शन, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साऊंड हे सगळं आहे, पण प्रोड्यूसिंगचा स्वतंत्र तीन वर्षांचा कोर्स मला कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटलाच दिसला. कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं म्हणे. तर मला विचारायचंय की तीन वर्षं तिकडं घालवावीत, का त्यापेक्षा मुंबईत एखाद्या सिरीयलवर प्रॉडक्शनमध्ये लागावं? पप्पा विचारायलेत ही डिग्री आहे का डिप्लोमा, आणि आई विचारायलीय एवढ्या लांब कामून. कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

शिफ्ट_संपली :

ताई, मी परभणीचा, नऊ वर्षं मुंबईत मराठी सिरीयलला प्रॉडक्शनमध्ये आहे, असिस्टंटपासून सुरुवात केली, आता प्रॉडक्शन कंट्रोलर आहे. तुमचा माळवदाचा किस्सा वाचून सांगतो, तुम्हाला काम येतंय.

सिरीयलवर तुम्हाला १२ तासांची शिफ्ट, कॉलशीट (कुणी किती वाजता कुठं यायचं तो कागद), व्हाउचर, गाड्या, जेवण, आर्टिस्टच्या तारखा हे सगळं सहा महिन्यांत पाठ होईल. एका दिवसात किती सीन काढायचे, लोकेशन बदललं तर किती वेळ जातो, जनरेटर केव्हा बोलवायचा, हे वर्गात बसून तितकं येत नाही. पेमेंट मात्र बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांनी मिळतं, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचं भाडं-खाणं घरून घेऊन या, मी हे न कळता आलो होतो आणि फार हाल झाले.

पण एक आहे. नऊ वर्षांत मला गोष्ट निवडायला कुणी बसवलं नाही. कुठली गोष्ट घ्यायची, लेखकाबरोबर ती कशी वाढवायची, पैसे कुणाकडून कुठल्या अटीवर आणायचे, तयार झाल्यावर विकायची कशी, ते सगळं वरच्या मजल्यावर होतं आणि आम्हाला ठरलेलं बजेट हातात मिळतं. प्रोड्यूसर आणि प्रॉडक्शनवाला यात हा फरक आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्हाला वरच्या मजल्यावरचं काम पाहिजे. २४ वय आहे, तीन वर्षं जातील तर जाऊ द्या. मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर मी गेलो असतो.

हावडा_नांदेड :

मी कोलकात्याला दुसऱ्या एका विषयाला होते, पण प्रोड्यूसिंगची मुलं आमच्या फिल्मा सांभाळायची, त्यामुळं जवळून बघितलंय. ती संस्था १९९५ पासूनची, केंद्र सरकारची. पप्पांना सांग, २०२५ मध्ये पुण्याच्या आणि कोलकात्याच्या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, म्हणजे त्यांना स्वतःची डिग्री देता येते. तरी तुझ्या वर्षाच्या जाहिरातीत कोर्सचं नाव काय दिलंय ते शब्दन् शब्द वाच.

कागदांकडं आत्तापासून लक्ष दे. केंद्राची संस्था असल्यामुळं आपल्या राज्याचं मराठा आरक्षणाचं एसईबीसी प्रमाणपत्र तिथं चालत नाही. ओबीसी असशील तर नॉन क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तहसीलमधून ते वेगळं मागून घ्यावं लागतं, राज्याचं घेऊन गेलेली दोन मुलं मी ऐनवेळी धावपळ करताना बघितलीत.

आणि आईला सांग नांदेडहून संत्रागाछीला आठवड्यातून एक थेट गाडी आहे, तिथून हावडा जवळ. जेवणात सुरुवातीला त्रास होतो, मी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ घेऊन जायचे. हॉस्टेलमध्ये बाकीच्या मुलीही भाकरी खायला शिकल्या.

लातूर_बार :

मुली, मी वकील आहे, कोर्सचं मला कळत नाही पण हार्डडिस्कमधल्या फिल्मचं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं राहतात. गुरुजींनी मृत्युपत्र केलं नसेल तर सगळ्या वारसांचा हक्क. त्यांच्या पत्नी हयात असतील तर त्याही आल्या, हे विसरू नको. तोंडी परवानगीवर कागद होत नाही, लेखी आणि सही लागते. हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, मग उद्या परदेशात फेस्टिवलला पाठवलीस तर पुन्हा अडशील. बाँड ५०० चा घे, ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० लागतात.

आणि जाताना नुसता कागद घेऊन जाऊ नको. तिघांना एकत्र बसवून आधी फिल्म दाखव.

योगेश्वरी_रोड :

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलकाका, गुरुजींच्या पत्नी आहेत, मोठ्या मुलाकडंच असतात, आणि खरं सांगते, त्यांना आम्ही एकदाही विचारलं नाही. वाचल्यापासून लाज वाटायलीय. शूटिंगच्या वेळी त्या रोज येऊन खुर्चीवर बसायच्या, चहा घ्यायच्या, आम्हाला वाटलं बघायला आल्यात.

रविवारी धाकटे पुण्याहून येणार आहेत असं कळलंय. आईच्या बचत गटाचा प्रोजेक्टर आहे, तो घेऊन जाते. पप्पा म्हणाले रविवारी ड्युटी बदलून घेतो, मी पण येतो.

दादा, तुमचं उत्तर पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ९० दिवसांनी पगार असेल तर कोलकात्याचीच फी भरलेली बरी. फॉर्म निघाला की इथंच कळवते.