कोरोनाकाळात तुमची मुलं कशी सावरली? नागपूरकरांचे अनुभव

एप्रिल २०२१ मध्ये बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन यांच्या धावपळीत पोरांकडे बघायला सवड कुणाला होती? त्यांची भीती, झोप, चिडचिड यांचं तुम्ही काय केलंत ते लिहा. उपदेश नको.

मानकापूर, आई
सासरे गेले तेव्हा मुलगी पाच वर्षांची. कुणीतरी तिला "आजोबा झोपले" सांगून टाकलं. मग ही झोपेचना. रात्री उठून बाबाच्या नाकाखाली बोट धरायची. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, सरळ 'मेले' म्हणा. शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत आणि तुझ्यामुळे काही झालेलं नाही, एवढं सांगा. घरात मोठी कुरकुर झाली. तरी सांगितलं. "आजोबांना तिथं भूक लागते का?" हे तिनं महिनाभर विचारलं, आम्ही महिनाभर तेच उत्तर दिलं. बोट धरणं हळूहळू सुटलं.

सक्करदरा, बाबा
तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या बैलपोळ्याचा, लाकडी नंदी घरातच पडून होता. पोरानं त्याला उशीवर आडवा केला. "बेड नाही, मेडिकलले न्या!" (मेडिकल म्हणजे आमचं सरकारी रुग्णालय.) नंदी रोज मरे. आजी म्हणे, अभद्र खेळ बंद कर. समुपदेशक ताई म्हणाल्या, खेळू द्या, मुलं अशीच मोकळी होतात. पण शेवट बदलतच नसेल आणि तो जास्तच घाबरत असेल तर तुम्ही खेळात शिरा. मी वॉर्डबॉय झालो, एक बेड रिकामा काढला. दुसऱ्या दिवशी नंदी पुन्हा मेला. चौथ्या-पाचव्या खेपेला डिस्चार्ज मिळाला!

शिक्षिका
वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दोघेही गेले. कोरोनात अनाथ झालेल्या मुलांसाठीच्या पीएम केअर्स योजनेतून तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळणार कळताच नातेवाइकांना तिचा पुळका आला. कागदपत्रं लागतात, मान्य. पण तुला कुठं राहायचंय, हे तिला पहिल्यांदा बालकल्याण समितीसमोर विचारलं गेलं. ती मावशीकडे गेली. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा.

प्रतापनगर, बाबा
२०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. लोक अभिनंदन करून राहिले आणि आमचा खोलीत कोंडून. परीक्षा नसल्याचं दुःख कुणाला असतं बाप्पा! त्याला होतं, वर्षभर घासली होती. समोर बसवून विचारलं की गप्प. स्कूटरवर मागे बसला की बोलायचा. पेट्रोलनं शंभरी गाठली होती, तरी दूध आणायला फुटाळा तलावावरून जायचो.