विषय: दादरला आईकडे इंग्लिश पाहुणे, चहा-कॉफी काय आणून ठेवावी?

हॅरोहून

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आमचे इथले लंडनचे शेजारी, नवरा-बायको, मुंबईला निघालेत. पुढे गोव्याला जायचंय, पण आधी तीन रात्री दादरला माझ्या आईबाबांकडे राहणार आहेत. काल फोनवर आईचा पहिला प्रश्न, "अगं, सकाळी त्यांना प्यायला देऊ काय?" खाण्याची तिला काळजी नाही. पोहे, उपमा, ऑम्लेट, सगळं ठरवून झालंय. अडलंय ते चहा-कॉफीपाशी. ती म्हणते दार्जिलिंग आणते, साहेबलोकांना तोच आवडतो. बाबा म्हणतात, तिकडूनच टी-बॅगा पाठव.

शेजारीण चहावाली, दिवसाला पाच कप, बिनसाखरेचा. तिचा नवरा फक्त कॉफी पितो, तीही ओटच्या दुधाची. कुणी असे पाहुणे मुंबईच्या घरात ठेवून घेतले असतील तर सांगा. आईला नीट सांगायचंय.

वेम्ब्लीहून

माझं मत स्पष्ट आहे. पाहुणा आपल्या घरी आला की त्याने आपला चहा प्यावा. आलं, गवती चहा, वेलची घालून आईंनी रोजच्यासारखा उकळावा आणि कपबशीतून द्यावा. त्यांचा चहा ते इथे रोज पितातच. एवढ्या लांब जायचं आणि तिथेही टी-बॅग बुडवायची, याला काय अर्थ आहे? आपल्या चवीबद्दल आपणच का कचरायचं?

पार्ल्याहून (पूर्वी एकोणीस वर्षं इंग्लंडात, रेडिंगला)

वेम्ब्लीच्या काकांचं म्हणणं मनापासूनचं आहे आणि मीही परत आले तेव्हा अगदी तसंच करत होते. म्हणून आधी एक अनुभव सांगते.

रेडिंगची माझी जुनी मैत्रीण पाच दिवस आमच्याकडे राहिली होती. रोज सकाळी मी तिला आलं ठेचून, पूर्ण दुधाचा, साखर घातलेला चहा खोलीत नेऊन द्यायची. ती "लव्हली" म्हणायची. चौथ्या दिवशी तिच्या खोलीत पडदे सरकवायला गेले तर खिडकीच्या कठड्यावर कप. अर्धा भरलेला, गार, वर सुरकुतलेली साय आणि सायीला चिकटलेला आल्याचा तंतू. तिने कपाखाली वहीचं पान घातलं होतं, कठड्याला डाग पडू नये म्हणून. त्या पानावर कपाच्या बुडाची चार वर्तुळं होती. म्हणजे चारही दिवस. मला इतकं वाईट वाटलं! इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि मी तिला साधं विचारलं नव्हतं की बाई, तू सकाळी काय घेतेस.

तेव्हापासून माझ्या घरात एक रीत आहे: सकाळचा पहिला कप पाहुण्याच्या सवयीचा, दुपारी चारचा आमच्या घरचा. सकाळी माणूस अर्धवट झोपेत असतो, तेव्हा चव शिकायची त्याची तयारी नसते. चार वाजता फिरून आलेला असतो, भूक असते, गप्पा असतात. तेव्हा आल्याचा उकळलेला चहा आणि बटर द्या, तो आवडीने पिईल आणि कसा केला म्हणून विचारेलही. रोज कॉफी पिणाऱ्याला ती मिळाली नाही तर बारा ते चोवीस तासांत डोकं चढतं, हा शरीराचा भाग आहे. पाहुणा भिडेपोटी सांगत नाही आणि आपण समजतो उन्हाने दुखतंय.

आता चहा. अगं, आईला सांग, दार्जिलिंग नको. मला स्वतःला तो फार प्रिय आहे, पण तुझी शेजारीण पिते तो चहा म्हणजे बॅगेतली सीटीसी पत्ती, केनिया-आसामची मिसळलेली. आपल्या दाणेदार चहाचीच ती बहीण. सीटीसीची पद्धत आसामातच 1930च्या सुमारास निघाली. पान चिरडून, फाडून, वळून दाणे करतात, त्यामुळे रंग झटकन उतरतो आणि दूध पेलतो. दार्जिलिंगात दूध घातलं की त्याचा सुगंध बुडतो, आणि तिला हवा तो कडकपणाही मिळत नाही. वाण्याकडे रेड लेबल, ताजमहाल, सोसायटी, जे असेल त्याच्या साध्या टी-बॅगा, पंचवीसचं एक खोकं. पाच कप रोज धरले तरी तीन दिवसांत पंधरा. तिकडून काही पाठवायला नको.

पाण्याचा फरक मात्र पडेल. लंडनचं पाणी जड, चहावर तवंग धरतो. मुंबईचं भातसा-तानसा-वैतरणेचं, तलावांचं, हलकं. इथे बॅग लवकर उतरते, म्हणून कपात तशीच सोडून देऊ नये. शक्यतो तिची तिलाच काढू द्यावी.

सगळ्यात महत्त्वाचं दूध, आणि त्याचा कुणी विचारच करत नाही. तिकडचं हिरव्या झाकणाचं सेमी-स्किम्ड म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. आपल्याकडे दारात येणारी फुल क्रीमची पिशवी सहा टक्क्यांची, टोन्ड तीनची. त्यात आपण दूध तापवतो, त्याला तापवल्याचा वास येतो, साय धरते. चमचाभर गार दूध घालून चहा पिणाऱ्याला ती साय ओठाला लागली की संपलं. टोन्ड दुधाची टेट्रापॅकमधली लहान खोकी मिळतात, ती तापवावी लागत नाहीत. दोन आणून फ्रिजमध्ये ठेवा, उघडलं की एक-दोन दिवसांत संपवा. ओटचं दूध मोठ्या दुकानांत आणि ॲपवर सहज मिळतं. ते उकळायचं नाही हे आईला आठवणीने सांग. उकळलं की पेजेसारखं दाटतं. नुसतं कोमट करावं.

आणि चारच्या चहात आलं आधणातच घाला, दुधाबरोबर नको. कच्च्या आल्यात दूध फाडणारा अंश असतो, पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळलं की त्याचा जोर जातो. आई हे जाणतच असेल, पण पाहुणे आले की घाईत सगळं एकदम पडतं.

हॅरोहून

काकू, ती चार वर्तुळं डोळ्यांसमोरून जात नाहीत. आईला वाचून दाखवलं, ती कितीतरी वेळ गप्प होती.

कॉफीचं कोणी सांगेल का? बाबा म्हणतात इन्स्टंटची बाटली पुरे. शेजाऱ्याकडे घरी दट्ट्या दाबायचं काचेचं भांडं आहे, ते बरोबर आणतो म्हणालाय.

हाउन्स्लोहून (माटुंग्यात वाढलेला)

ताई, दादरहून माटुंगा एकच स्टेशन आहे. बाबांना माटुंगा पूर्वेला पाठवा. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांत कॉफी समोर दळून देतात, आणि रस्त्यावरूनच वास येतो. तिथे दोन गोष्टी सांगायच्या: चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नको, आणि जाडसर दळा.

काही सांगितलं नाही तर फिल्टर कॉफीसाठी बारीक दळून, बहुतेक चिकोरी घालून देतात. आपल्या फिल्टरला ती उत्तम. चिकोरीने डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा अर्क, दाट होतं, दुधाला उभं राहतं. पण दट्ट्याच्या भांड्यात बारीक पूड गाळणीतून निसटते आणि कपाच्या तळाशी चिखल बसतो. शिवाय ज्याने चिकोरी कधी चाखलेली नाही त्याला ती जळकट लागते. पाकिटं घेतली तर मागचं बारीक अक्षर वाचावं. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे जवळजवळ अर्धी. इन्स्टंटमध्येही काहींत असते, ब्रूमध्ये आहे.

कुठली घ्यायची? 'प्लांटेशन ए' किंवा 'पीबेरी' मागा. प्लांटेशन म्हणजे पाण्यात धुऊन गर काढलेली, अरेबिका जातीची कॉफी. पीबेरीत फळात दोनऐवजी एकच गोल बी असते. दोन्ही सौम्य. माप साधं आहे: लिटरला साठ ग्रॅम, म्हणजे मोठ्या मगाला पंधरा. दिवसाला दोन मग, तीन दिवस, नव्वद ग्रॅम. शंभर ग्रॅम घ्या, वर एक चमचा नको. मुंबईच्या हवेत दळलेली कॉफी आठवडाभरात मरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि फ्रिजमध्ये मुळीच नाही, काढघाल केली की ओल धरते.

एक सकाळ त्यांना माटुंग्यातच कॅफे मद्रासला घेऊन जा. फिल्टर कॉफीची गोडी घरी समजावण्यापेक्षा तिथल्या वाटीतून पेल्यात ओतताना येणाऱ्या फेसाने लवकर कळते.

पार्ल्याहून

बरोब्बर सांगितलंस. फक्त रात्रीचं राहिलं. सकाळी लंडनहून निघणारं विमान इथे मध्यरात्रीनंतर उतरतं. इथे रात्रीचा एक म्हणजे त्यांच्या अंगाला संध्याकाळचे साडेसात. दादरला पोचतील तेव्हा टक्क जागे असतील आणि आई म्हणेल, दमलात, चहा टाकते. नको टाकूस. कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असतो, पहाटेपर्यंत झोप येणार नाही. गवती चहाची पात, पुदिना आणि आल्याची चकती पाण्यात उकळून द्यावी, पत्तीशिवाय. आपल्या जायफळाच्या कॉफीचा मलाही मोह होतो, पण ती दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, छोट्या पेल्यात, आणि तीही विचारून.

दुसऱ्या दिवशी ते दहाच्या आत उठणार नाहीत. आईचा चहा साडेसहाला होतो ना? तो झाकून ठेवून दहाला परत गरम करायचा नाही. ओट्याच्या कोपऱ्यात एक ट्रे: किटली, टी-बॅगा, कॉफीचा डबा, चमचा, दोन मग, साखर वेगळी. फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात दूध आहे ते रात्रीच दाखवून ठेवायचं. किटली नसेल तर आमच्याकडची घेऊन जा.

हॅरोहून

काल रात्री बाबांनी फोटो पाठवला. ओट्यावर आईचा निळा ट्रे, टी-बॅगा तिने बिस्किटांच्या जुन्या डब्यात काढल्यात, आणि डब्यावर कागद चिकटवून इंग्रजीत 'टी' लिहिलंय, खाली मराठीतही 'चहा'. शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी साडेदहाला उठून आपापलं करून घेतलं. आई तेव्हा भाजी आणायला गेली होती. चारला आई-बाबांबरोबर आल्याचा चहा झाला, आणि शेजारणीने आईकडून दुसरा कप मागून घेतला, साखर कमी करून. वेम्ब्लीच्या काकांसाठी मुद्दाम लिहितेय.

कॉफी तीस ग्रॅम उरेल असं दिसतंय, कारण बाबांनी त्यांना दोनदा माटुंग्याला नेलं. काकू, किटली रविवारी बाबा पार्ल्याला आणून देतील, दुपारी घरी आहात ना?