मेंदूत क्लॉट होऊन गेलाय, आता बाळाचा चान्स घ्यायचा का? मदत हवी आहे

सांजवेळ:
मला मागे मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, सीव्हीटी म्हणतात ती. आता ठणठणीत आहे, एमआरआय पण नॉर्मल. बाळ हवंय. न्यूरोवाले म्हणतात गायनॅकला विचारा, गायनॅक म्हणतात न्यूरोकडून लिहून आणा, दोघांमध्ये माझा फुटबॉल झालाय. कोणाला अनुभव आहे का? प्लीज "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका.

उंटावरचा_शहाणा:
आधी एक एमआरआय करून घ्या.

सांजवेळ:
नॉर्मल आलाय, लिहिलंय की वर.

मधली_सुट्टी:
ताई, मुद्द्याचं तेच राहिलं. गोळ्या कुठल्या चालू आहेत? क्लॉट कशामुळे झाला होता? फिट आली होती का?

सांजवेळ:
वॉरफरिन, रक्त पातळ ठेवायची गोळी. पाळीसाठी हॉर्मोनच्या गोळ्या घेत होते त्यामुळे झालं म्हणाले. फिट आली होती, तिची गोळी अजून चालू आहे, पण तिचा इथे काय संबंध?

मधली_सुट्टी:
आहे ना. ती व्हॅल्प्रोएट असेल तर दिवस राहायच्या आधीच बदलून घ्यावी लागते, बाळात व्यंग येऊ शकतं. मनाने बंद मात्र करू नका. वॉरफरिन पण वारेतून बाळापर्यंत जातं, सहावा ते बारावा आठवडा सगळ्यात वाईट. सीव्हीटी झाला म्हणून मूल होऊच द्यायचं नाही असं नसतं, मला त्यानंतरच मुलगी झाली. आमचं आधीच ठरलं होतं, टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच फोन करायचा आणि वॉरफरिन थांबवून हेपारिनची इंजेक्शनं, एनॉक्सापॅरिन, ते वारेतून जात नाही. रोज पोटावर आपलं आपणच टोचायचं, चिमटीत कातडी धरून हळूहळू ढकलायचं आणि नंतर अजिबात चोळायचं नाही, चोळलं की हा एवढा काळानिळा डाग.

दोन_ओळी:
इतकं टोचून घ्यायची काय गरज? आमच्या वहिनीला नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ठेवलं होतं, सगळं छान झालं.

मधली_सुट्टी:
वहिनींचा क्लॉट धमनीतला होता का शिरेतला? शिरेतल्याला नुसती अ‍ॅस्पिरिन पुरत नाही. अँटिफॉस्फोलिपिड, म्हणजे गुठळ्या व्हायला लावणाऱ्या अँटिबॉडीज रक्तात असतील, तर हेपारिनच्या जोडीला देतात.

दोन_ओळी:
ते नाही माहीत, हात-पाय गेला होता. उगाच घाबरवू नका लोकांना.

कट्टेकरी:
काही असो, सिझरच करा. कळा देताना डोक्यावर प्रेशर येतं.

रात्रपाळी:
मी लेबर रूमला नर्स आहे. सरसकट सिझर लागत नाही, उलट सिझरनंतर क्लॉटचा धोका जास्त. फक्त इंजेक्शन आणि पाठीतली भूल यात अंतर लागतं, छोट्या डोसला निदान १२ तास, मोठ्याला २४, म्हणून भूलवाल्या डॉक्टरांना आधीच भेटून ठेवा. आणि बाळ झालं म्हणजे सुटलो नाही हं, खरा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत असतो, औषध पुढे किमान ६ आठवडे चालू ठेवतात. तेव्हा वॉरफरिनवर आलात तरी अंगावर पाजता येतं. डोकं भयंकर दुखलं, अंधुक दिसलं तर झोप झाली नाही म्हणून सोडून देऊ नका.

उंटावरचा_शहाणा:
दत्तकाचा विचार केलाय का?

सांजवेळ:
नाही, आणि विचारलेलंही नाही. @मधली_सुट्टी ती अँटिफॉस्फोलिपिडची टेस्ट माझ्या फाईलमध्ये दिसत नाहीये, दिवस राहिल्यावर केली तर चालते?

मधली_सुट्टी:
आधीच विचारून घ्या, कारण त्यावर पुढची औषधं ठरतात. प्रोटीन एस (रक्तात गुठळी होऊ न देणारं प्रोटीन) तर प्रेग्नन्सीत तसंही कमी होतं आणि वॉरफरिनवर पण कमीच दिसतं, म्हणून कुठली टेस्ट कधी ते हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, ठरवू दे. तुमची टोलवाटोलवी पण तिथेच थांबेल, माझा सगळा प्लॅन त्यांनीच एका कागदावर लिहून दिला होता.

सांजवेळ:
यांचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नव्हतं!! अपॉइंटमेंट घेते.

कट्टेकरी:
मग सिझरचं काय ठरलं?