ए विंग पार्किंग : गाडीचा फॅन बंद करा कुणीतरी

ए-१०१ काकू (रात्री १०:४२) : सेक्रेटरीसाहेब, आमच्या खिडकीखाली पांढऱ्या गाडीचा फॅन तासाभरापासून घरघरतोय. गाडीत कुणी नाही. कालही हेच.

ए-३०३ : काकू, गाडी माझी. होटगी रोडवरून एसी लावून आलो, इंजिन तापलंय. होईल आपोआप बंद.

सी-२०४ आप्पा : फॅन ७५ वॉटचा असतो. घरचा दिवसभर चालतो. बॅटरीला काही होत नाही. निष्कारण घाबरू नये 🙏

बी-१०२ भाऊ : आप्पा, तो छताचा. इंजिन थंड करणारा रेडिएटरचा फॅन छोट्या गाडीतसुद्धा १० अँपिअरच्या आसपास ओढतो, मोठ्या गाडीत २० च्या वर. १२ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १२० वॉट. इंजिन बंद म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर बंद, सगळा भार बॅटरीवर. ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी तीन-साडेतीन तासांत बसते की ओ. गाडी बंद केल्यावर थोडी मिनिटं फिरला तर चालतंय, तासभर नाही. रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा स्विच, चिकटली असणार.

बी-४०१ : पाणी उद्या का परवा?

सेक्रेटरी : परवा. कृपया विषयाला धरून बोला.

बी-४०१ : परवा? मग टँकरचे पैसे कोण देणार ओ?

सी-२०४ आप्पा : फॅन ७५ वॉटचा असतो. बॅटरीला काही होत नाही 🙏

सी-३०१ : आप्पा, तो फॅन काढून खालच्या बाकड्यावर लावू. ४३ डिग्रीत तेवढाच वारा 😂

ए-३०३ : भाऊ, म्हणून सकाळी सेल्फ मारत नव्हता काय? बॅटरी गेल्या वर्षीच टाकलीय. दुकानदाराशी भांडून आलो.

बी-१०२ भाऊ : लेड-ॲसिड बॅटरी अशी सारखी तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्ज धरत नाही. त्यात आपलं ऊन. खाली या, दहा नंबरचा पाना आणा. रिले उपसू, नाही सापडली तर बॅटरीची मायनस वायर काढू. फॅनजवळ हात घालू नका.

ए-१०१ काकू : गाडी यांची, झोप आमची. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी गाडी दारात लावली तेव्हाही आम्ही गप्प बसलो.

ए-३०३ : नातवाची सायकल दाराला घासली तेव्हा आम्हीही गप्पच होतो, काकू.

सेक्रेटरी : दोघांना हात जोडून विनंती 🙏

बी-१०२ भाऊ (११:२५) : रिले उपसली, फॅन थांबला. फोडून बघितली, आतले पॉइंट जळून एकमेकाला चिकटलेत. बॅटरी ११.९ व्होल्ट दाखवतेय, भरलेली असती तर १२.६ दाखवली असती.

सी-२०४ आप्पा : पण फॅन ७५ वॉटचाच असतो.

ए-१०१ काकू : आप्पा, झोपा आता.

ए-३०३ : भाऊ, सकाळी धक्का मारून चालू करू?

बी-१०२ भाऊ : नको. बॅटरी काढून द्या, रात्रभर चार्जरवर लावतो. नुसतं इंजिन चालू ठेवून भरणार नाही, आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, अल्टरनेटर कमी देतो. नवी रिले टाकायच्या आधी फॅनचा करंट मोजू. बेअरिंग जाम असलं तर मोटर जास्त ओढते, नवी पण जळेल. आणि रिले बसेपर्यंत गाडी चालवू नका, फॅनशिवाय इंजिन तापेल.

ए-३०३ : आणतो बॅटरी. काकू, उद्या सायकलवर जातो.